पत्त्यासकट प्रार्थना

देवाला सगळं ठाऊक असतं, असं आपण म्हणतो. आमच्या शेजारच्या शमुवेलकाकांचं म्हणणं असं की, असेल ठाऊक, पण पत्ता सांगितलेला बरा.

"हे स्वर्गीय पित्या, रुख्माबाईच्या गुडघ्याला आराम दे. मुक्काम फुलचूर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, किराणा दुकानाच्या वरचा मजला, जिन्याजवळची खोली. डावा गुडघा."

या घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात, पहाटे पाच वाजता, हे माझ्या कानावर पडलं. रुख्माबाई म्हणजे माझी सासू. कोणी परका माणूस अंधारात आपल्या सासूच्या गुडघ्याचा पत्ता सांगतोय म्हटल्यावर झोप राहते का? मी ताडकन उठून बसले. नवरा कूस बदलून म्हणाला, "झोप वो. काकाची डाक निघाली."

शमुवेलकाका रिटायर पोस्टमन. आमच्या इकडच्या गोरेगावच्या बाजूच्या खेड्यांतून जन्मभर सायकलवर टपाल वाटलं, आणि मग आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. नोकरी सुटली, वाटप सुटलं नाही. पहाटे गार पाण्यानं आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर बायबल, आणि मग खणखणीत आवाजात प्रार्थना. मनातल्या मनात का करत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोस्टमन मनातल्या मनात नाव पुकारते काय?"

सुरुवात ते चर्चच्या शुद्ध मराठीत करतात. 'हे स्वर्गीय पित्या, तुझी स्तुती असो' वगैरे. ही मराठी दोनतीन वाक्यं टिकते. त्यानंतर काका गोरेगावच्या बोलीवर उतरतात, आणि देवाशी आपल्या माणसासारखे बोलायला लागतात.

पण मागण्याआधी एक नियम. "आधी पोच, मंग नवं टपाल," असं त्यांचं वाक्य आहे. पोच म्हणजे काल जे मिळालं त्याची पावती. "काल पोटात दुखलं नाही, मिळालं, सही करतो. बाजूच्या घरून वांग्याची भाजी आली, मिळाली, सही करतो. तिखट जास्त होती, तरी सही करतो." ही बाजूच्या घरची भाजी म्हणजे माझी. देवासमोर आपल्या भाजीचं असं वर्णन होणं कोणत्या बाईला आवडेल? मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम कमी तिखट घालून पाठवली. पहाटे कान टवकारून ऐकलं. "आज बेस होती. सही करतो."

पत्त्याच्या बाबतीत काका इतके काटेकोर का, याचं गल्लीला माहीत असलेलं कारण असं. एकदा त्यांनी घाईत नुसतंच "सुनीताबाईच्या पोरीचं लग्न जमू दे" म्हटलं. गल्लीत सुनीताबाई दोन. निळ्या फाटकाच्या सुनीताबाईंची मुलगी नोकरीवाली, स्थळं येऊन परत जायची. तिच्यासाठी ही विनवणी होती. जमलं मात्र चक्कीमागच्या सुनीताबाईंच्या मुलीचं. ती अजून कॉलेजात होती आणि तिच्या लग्नाचा विषयसुद्धा घरात निघाला नव्हता. निळ्या फाटकानं काकांशी अबोला धरला. काकांनी सरळ हात जोडले. "माहीच गलती आहे बाई. पत्ता अर्धवट होता. जे दार आधी लागलं तिथं देऊन टाकलं त्यानं." मग रोज पहाटे 'निळं फाटक, दारात पेरूचं झाड' सुरू झालं, आणि त्या मुलीचंही जमलं. लग्नाची पहिली पत्रिका काकांना होती.

या पद्धतीत एकच खोट होती. देवाबरोबर सारी गल्ली ऐकायची. माझ्या नवऱ्यानं एकदा विश्वासानं काकांना आपली मूळव्याध सांगितली. पहाटे ती पिनकोडसकट स्वर्गात रवाना झाली. सकाळी खालचं आमचं दुकान उघडलं तर जे गिऱ्हाईक येईल ते आधी सुरण खायला सांगे, आणि मग साखर मागे. नवरा तणतणत गेला. "काका, तुमी देवाले सांगता का गावाले?"

"देवाले," काका शांतपणे म्हणाले. "गाव मधात ऐकते, त्याले मी काय करू? सुरण खाल्लं काय?"

खाल्लं होतं. गुणही आला होता. नवरा चहा पिऊन परत आला.

संध्याकाळी काका दुकानात यायचे. कधी चहापत्ती, कधी नुसतेच. माणूस दिसला की विचारायचे, "पोचलं का?" म्हणजे सकाळी तुमच्या नावानं पाठवलेलं मिळालं का. मग दुकानाबाहेरच्या बाकड्यावर गप्प बसून राहायचे. माझ्या सासूला वाटे, म्हातारा पेंगतो. पण ते पेंगत नसत. मला त्यांनी एकदा सांगितलं होतं, "नोकरीत होतो तवा मी प्रार्थना ठप्पा मारल्यावानी करो. धडाधड. कोणाचं काय आहे, पाहोच नाही. मार्था गेल्यावर समजलं. आता संध्याकाळी एकेका घराच्या दारात मनानं सायकल उभी करतो. आत काय चालू आहे, याचा इचार करतो. मंगच सकाळी त्याचं नाव घेतो." मार्था म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथे येण्याआधीच त्या आजारानं गेल्या.

सासूचा गुडघा काही बरा होत नव्हता. ती फटकळ. एके दिवशी बाकड्यावरच काकांना म्हणाली, "शमुवेलभाऊ, तुमी रोज पाठवता, पण माहा गुडघा तं तसाच आहे."

"दार बंद असंल."

"म्हंजे?"

"अवो, दार बंद दिसलं तं पोस्टमन चिठ्ठी फाडून फेकते काय? वापस आणते, दुसऱ्या दिवशी अखीन नेते. त्याले काय धाड भरली? नेणं आपलं काम, उघडणं त्याचं."

सासूला हे पटलं की नाही माहीत नाही, पण तिनं गुडघ्याबद्दल पुन्हा तक्रार केली नाही. तिची तक्रार वेगळीच होती. ती घरात येऊन मला म्हणे, "साऱ्या गल्लीची काळजी वाहते हा माणूस, अन् सोताच्या पोराचं नाव घेत नाही. असा कसा बाप?"

काकांना मुलगा होता. आशिष. आई गेल्यावर तो बापाशी भांडून घर सोडून गेला. आधी रायपूरला आहे असं कळलं, मग फोन बंद झाला, मग काहीच नाही. घरात त्याचा फोटो होता, दारामागे त्याची क्रिकेटची बॅट होती, पण पहाटेच्या त्या लांबलचक टपालात त्याचं नाव कधी ऐकू आलं नाही. गल्लीतल्या म्हशीसुद्धा पत्त्यासकट देवाकडे जात. आशिष नाही.

आणि एक होतं. सगळ्यांची नावं संपली की 'आमेन'च्या आधी काका थांबायचे. चांगले लांब थांबायचे. मी तेवढ्यात दूध तापवायला ठेवत असे, आणि दूध वर यायला लागलं की पलीकडून 'येशूच्या नावाने मागतो, आमेन' यायचं. त्या थांबण्यावर गल्लीत बऱ्याच थट्टा होत. कोणी म्हणे दम खातात, कोणी म्हणे तिकडून उत्तर येतं ते ऐकतात. माझा नवरा म्हणे, तिकीट चिकटवत असतील.

मागच्या नाताळाच्या आधी चर्चची तरुण मंडळी घरोघरी गाणी म्हणत फिरली. काका सगळ्यांच्या पुढे आणि आवाजानं सगळ्यांच्या वर. थंडी मरणाची. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पार बसला, आणि पहाटे गल्ली झोपून राहिली. निळ्या फाटकाच्या साहेबांची गोरेगावची बस चुकली. दूधवाला दारं वाजवून दमला. मी जागी झाले ती शांततेनं. अद्रक घालून चहा केला आणि भिंतीपलीकडे गेले.

काका खुर्चीतच होते. इस्त्रीचा शर्ट, वर मफलर, मांडीवर बायबल, आणि तोंड एवढंसं झालेलं. मला पाहून घशाकडे बोट दाखवलं. मग घरघरत्या आवाजात म्हणाले, "तूच म्हण."

"मी? काका, मले कुठं येते तुमच्यातलं?"

"मी सांगतो. तू पुकार. टपाल पडून राहिलं आहे."

मी आमच्या देव्हाऱ्यातल्या देवांना मनात सांगितलं, शेजारधर्म आहे, समजून घ्या. पदर खोचला आणि उभी राहिले. काका कानाशी पुटपुटत, आणि मी दुकानात गिऱ्हाईकाला हाक मारावी तशी पुकारत गेले. चहा मिळाला, सही करतो. थंडी मिळाली, सही करतो. मग निळं फाटक, मग चक्की, मग सासूचा डावा गुडघा. सासू गच्चीवर येऊन खाली बघत होती. मलाही हळूहळू गोडी लागली. इतक्या घरांत इतकं काही चालू असतं, हे मी दुकानात बसून कधी मोजलंच नव्हतं.

सगळी घरं संपली. काका थांबले. मला वाटलं झालं, आता आमेन. तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि ओठ हलवले.

"आशिष."

मी वाट पाहिली. सवयीनं विचारलं, "पत्ता?"

काकांनी मान हलवली. "नाही ना वो."

मग तुटक तुटक म्हणाले, "मार्थाच्या मातीच्या दिवशी त्यानंच इचारलं होतं मले. म्हणे, बाबा, आईसाठी एवढी प्रार्थना केली, गेली कुठं? पत्ता टाकाचा राहिला काय? तवापासून टाकून राहिलो. साऱ्याइचा टाकतो. त्याचाच नाही माह्यापाशी. बिनपत्त्याचं टपाल मोठ्यानं कसं पुकारू? म्हणून मनातच म्हणतो."

रोज मी ज्या थांबण्यात दूध तापवत होते, ते हे होतं.

"काय म्हणू मंग, काका?"

त्यांनी डोळे मिटले. "म्हण, तुले मालूम आहे तो कुठं आहे. जिथं असंल तिथं त्याले जेवण भेटू दे. अन् तो माह्या पोटी आला, त्याची पोच घे."

मी ते म्हटलं. माझा आवाज मुळात मोठा, त्यात रडू येऊ नये म्हणून आणखी मोठा केला. टाकीपर्यंत गेला असेल. गच्चीवर सासूनं पदर तोंडाला लावला. आमेन मी एकटीनं म्हटलं नाही. वरून तीही म्हणाली.

आठवड्यानं काकांचा आवाज परत आला. पहाटेचं टपाल पुन्हा सुरू झालं, आणि शेवटी काका नेहमीसारखे थांबले. तेवढ्यात आमच्या गच्चीवरून सासूचा आवाज आला, "आशिष." मग निळ्या फाटकातून, "आशिष." चक्कीच्या बाजूनं कोणीतरी पुरुष खाकरून म्हणाला, "आशिष." माझा नवरा दात घासता घासता म्हणाला. पलीकडून आमेन यायला त्या दिवशी फार वेळ लागला.

संध्याकाळी काका दुकानात आले. त्यांनी विचारायच्या आधी मीच विचारलं, "पोचलं का, काका?"

ते बाकड्यावर बसले. चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाले, "अजून दार नाही सापडलं वो. पण आता नेणारे लय झाले."

दुसऱ्या दिवशी पहाटे नवं टपाल निघायच्या आधीची पोच काही संपेचना. निळं फाटक, मिळालं, सही करतो. चक्की, मिळालं, सही करतो. रुख्माबाई, किराणा दुकानाच्या वरचा मजला, जिन्याजवळची खोली, मिळालं, सही करतो. गल्लीतलं एकही घर सुटलं नाही. मी ऐकत उभी राहिले, आणि दूध उतू गेलं.