हौसाक्काची यादी

वडूजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघायला हात धरला, तेव्हा हौसाक्कानंच त्यांना विचारलं, "घरात किती?"

"दोघं," डॉक्टर गोंधळून म्हणाले.

"अन् यादीत?"

यादी म्हणजे मतदारांची. हौसाक्काला दुसरी यादी ठाऊकच नव्हती. लग्नात नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडते न ओलांडते तोच ही सासूला विचारायची, "पोरीचं नाव कवा घालताय?" मी तिच्या गावात मास्तर म्हणून आलो, मतदार यादीचं काम माझ्याकडं आलं आणि ती माझी साहेबच झाली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं घर न् घर तोंडपाठ. कुणाचं नाव कमी करायचं म्हटलं की माझ्या पेनावर हात ठेवायची. "मेलेलं काढा. जितं काढायचं न्हाई."

एकदा मी चिडलोच. "आक्का, तुम्हाला काय मिळतं यातून?"

तेव्हा तिनं सांगितलं. मागच्या शिरगणतीला वस्तीतली निम्मी घरं बंद होती. इकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी पार तमिळनाडू-केरळपर्यंत जातात. मोजणारा आला आणि कुलपं बघून गेला. वस्तीचा आकडा घसरला, तिचा वेगळा वॉर्ड गेला आणि ती वरच्या आळीला जोडली गेली. त्यानंतर पंचायतीत वस्तीचं माणूस निवडून आलं नाही. नळाची लाइन आली ती ओढ्यापर्यंतच. हौसाक्का साठी उलटल्यावरही डोक्यावर हंडा घेऊन ओढ्याचा चढ चढत होती.

"आमी हाय, पण कागदावर न्हाई," ती म्हणाली. "कागदावर न्हाई त्याला तहान बी लागत न्हाई, असं वाटतंय त्यास्नी."

पंचायतीची निवडणूक लागली. वस्तीनं शिलाईकाम करणाऱ्या मुमताजभाभीला उभं केलं. हौसाक्का रोज संध्याकाळी तिच्या मशीनजवळ जाऊन बसायची. "थांबीव ती खडखड. लाव फोन कोईमतूरला." पलीकडून कुणी सुट्टी नाही म्हणालं की हिचं उत्तर ठरलेलं. "आईच्या दहाव्याला येशील न्हवं? मग ती जिती हाय तवरच ये."

मतदानाच्या सकाळी दोन गाड्या भरून माणसं उतरली. तिचा एकुलता एक संपतही बायकोला घेऊन कोईमतूरहून आला. मुमताजभाभी तीन मतांनी निवडून आली. गुलाल उडाला. हौसाक्का मात्र निकाल ऐकून पंचायतीच्या पायरीवर बसली, ती कितीतरी वेळ उठलीच नाही.

वर्षाच्या आत लाइन ओढा ओलांडून आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हौसाक्का शाळेत आली आणि वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात थांबली.

"मास्तर, संपाचं अन् सूनबाईचं नाव काढायचं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काढायचं?"

"दोन वर्सं मागं लागलाय. मीच न्हाई म्हणत हुते." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्येच्या गल्लीत गटार तुंबलंय. नात तापानं पडली. तक्रार घिऊन गेला, तर म्हनले, तुमचं नाव हितं कुठं हाय? मास्तर, म्या त्याला हितं धरून ठिवला, अन् त्यो तिथं कुनाचाच न्हाई."

"पण पुढच्या वेळी दोन मतं कमी पडली तर?"

"पडू द्यात. नात मोटी व्हायला पायजे."

संपतनं तिकडून अर्ज केला. काही महिन्यांनी नवी यादी आली, ती घेऊन मी तिच्या घरी गेलो. यादीत त्या घरापुढं आता तिचं एकच नाव उरलं होतं. "दावा," ती म्हणाली. मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"अन् ह्येच्या खाली?"

"शेजारच्यांचं."

"बरं." बोट तिथंच होतं. मग म्हणाली, "फोन लावा त्याला."

मी लावून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"संपा, तिकडं मतदान असलं की जा बाबा. बायकूला संगं ने. रांग असली तरी माघारी फिरू नगंस." ती जरा थांबली. "अन् कुनी इचारलं, तर सांग, आमी हितलंच हाय."