पुआबाईंचा हार

टोस्टवर अननसाची चकती आणि चीज ठेवलं की जर्मन माणूस त्याला 'टोस्ट हवाई' म्हणतो. आमच्या तळमजल्यावरच्या पुआबाईंसमोर मात्र कुणी म्हणून दाखवावं! आमच्या लुडविग्सहाफेन गावातल्या बहुतेक वेटरांनी ते भोगलेलं आहे. बाई मेन्यूकार्डावर बोट आपटतात आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "फाल्श! हवाई ही चव नाही, माझं घर आहे. आणि अननस आमचा नाहीच, तो बाहेरून आणलाय!" वेटर बिचारा घाबरून विचारतो, "मग टोस्ट आणू की नको?" "आणा. पण नाव नीट घ्या."

फाल्श म्हणजे चूक. हा त्यांचा लाडका शब्द. लग्न करून जर्मन नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या, आणि दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये पाच-सहा जर्मन बायकांना हुला, म्हणजे हवाईचा नाच, शिकवू लागल्या. लॅबमध्ये उभं राहून राहून माझी पाठ धरली होती, म्हणून मीही गेले. लहानपणी पुण्यात कथक शिकलेली मी, सवयीने पाय आपटला. बाई थांबल्या. "झुरळ मारतेयस का? फाल्श! गुडघे वाकव. गोष्ट हातांनी सांगायची. आत्ता तुझ्या हातांत समुद्राची लाट हवी होती, आणि तू कपडे वाळत घालतेयस!"

ताल धरायला त्यांच्याकडे वाळवलेल्या भोपळ्याचं वाद्य आहे, इपू. ते त्या रविवारी दुपारीही बडवतात. जर्मनीत रविवारी खिळा ठोकला तरी शेजारी हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीच्या नियमांचे कागद, काढून नाचवतात. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकदा तसे कागद घेऊन खाली गेले. अर्ध्या तासाने परत आले ते गुडघे वाकवून जिने चढत. पुन्हा म्हणून तक्रार केली नाही त्यांनी.

पण २०१४चा उन्हाळा आला आणि बाईंचं डोकंच फिरलं. फुटबॉलचा वर्ल्ड कप होता. दुकानादुकानांत काळ्या-लाल-सोनेरी प्लास्टिकच्या माळा लटकायला लागल्या. त्यांना इथे म्हणतात 'हवाई-केटे', म्हणजे हवाईची माळ. बिअर ढोसणारा प्रत्येक बाप्या गळ्यात हवाई-केटे घालून फिरत होता. कुणी कुत्र्याच्या गळ्यात, कुणी गाडीच्या आरशाला! बाई चालता चालता लोकांना अडवून फाल्श-फाल्श करत सुटल्या. माझा नवरा म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? मजा करतायत लोक." माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, उद्या कुणी प्लास्टिकच्या मुंडावळ्या बांधून फुटबॉल बघायला बसला तर चालेल का तुला?

त्यातच माझे सासरे आले, तीन महिन्यांसाठी. बाबा सांगलीचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. खाली हवाईच्या बाई राहतात हे मी फोनवर सांगितलं होतं. बाबांनी त्याचा अर्थ हवाई सुंदरी असा घेतला. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "कुठल्या विमान कंपनीत होत्या या?" बाईंना हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना फाल्श न म्हणता हसताना पाहिलं. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. बाबांचं बँकेतलं इंग्रजी आणि बाईंचं हवाईचं इंग्रजी. दर गुरुवारी बाबा हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून मांडीवर ताल धरायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी वर्गाचा कार्यक्रम होता. हॉलच्या व्यवस्थापकाला त्याची 'हवाई पार्टी' करायची होती. दारात प्लास्टिकच्या माळा, गवताचे घागरे, छत्रीवालं सरबत. बाई त्याच्याशी महिनाभर भांडल्या. एक दुपार, फक्त एक दुपार या गावात आमचं नाचणं आमच्यासारखं होऊ दे, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे. पण लोकांना कंटाळा आला तर पुढच्या वर्षी माझ्या पद्धतीने.

आदल्या दिवशी बाई स्वयंपाकघरात कार्नेशनचा हार ओवत बसल्या. त्यांच्याकडे त्याला लेई म्हणतात. ओवताना मनात राग ठेवायचा नाही, तो फुलांत उतरतो, अशी त्यांची समजूत. त्यामुळे दिवसभर त्या कुणालाही रागावल्या नाहीत. त्यांना ते किती जड गेलं असेल!

रविवारी हॉल भरला. पहिला मान बाबांचा. बाईंनी त्यांना पुढे बोलावलं, हार गळ्यात घातला, गालाला गाल लावला. बाबांनी हात जोडले, आणि त्याच झटक्यात हार काढून समोरच्या टेबलावर ठेवला.

आता यात बाबांचं काय चुकलं? सांगलीत शंभर सत्कार झालेला माणूस! आपल्याकडे गळ्यात हार पडला की लगेच उतरवून ठेवतात. हार मिरवत बसला तो मोठेपणाला हपापलेला. पण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या फाल्शसुद्धा म्हणाल्या नाहीत. सरळ मागच्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. व्यवस्थापक घड्याळाकडे बघायला लागला. मला बाबांचा राग आला, बाईंचाही आला, आणि त्या घड्याळवाल्याचा तर सगळ्यात जास्त आला.

मी मागोमाग गेले. आमची पद्धत समजावून सांगितली. "अहो, नम्रपणा असतो तो आमच्याकडे! अपमान नाही." बाई सिंकला टेकून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या,

"देणाऱ्यासमोर लेई काढायची नसते. मला माहीत होतं ते, तरी मी काढली होती. बावीस वर्षांची होते. होनोलुलूच्या विमानतळावर आईने घातली, तिने स्वतः ओवलेली. इकडे सासू-सासरे घ्यायला येणार होते. त्यांना मी गावंढळ वाटेन म्हणून आत गेल्या गेल्या काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. वळून बघितलं, तर आई काचेपलीकडे उभीच होती. तिने हात हलवला. काही दिसलंच नाही असा."

"मग?"

"नंतर दोनदा घरी गेले. तिने विषय काढला नाही, मीही नाही. मग ती गेली."

इतकी वर्षं ही बाई कुणाकुणाला फाल्श म्हणत होती, आणि मला वाटत होतं हिचा राग वेटरांवर आहे!

मागे खाकरल्याचा आवाज आला. दारात बाबा उभे होते, हार दोन्ही हातांत धरून. किती ऐकलं होतं देव जाणे. "मॅडम," ते म्हणाले, "माय मिस्टेक. प्लीज, वन्स मोअर." आणि सांगलीच्या त्या ताठ माणसाने मान खाली वाकवली.

कार्यक्रम झाला. चांगला झाला. घड्याळवाला टाळ्या वाजवत होता. परतताना ट्राममध्ये पोरांनी बाबांच्या गळ्यातल्या हाराकडे बोट दाखवून "आलोहा, ओपा!" असा ओरडा केला. ओपा म्हणजे आजोबा. बाबांनी त्यांनाही नमस्कार केला.

घरी पोचलो. बाईंनी आपलं दार उघडलं, आम्ही निरोप घेतला आणि जिना चढायला लागलो. पहिल्या वळणावर बाबा माझ्या कानाशी लागले.

"सूनबाई, कॉलरमध्ये मुंगी शिरलीय गं. काढू का आता?"

मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. पुआबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मान वर करून.

"थांबा बाबा," मी म्हटलं. "अजून बघतायत."