सोसायटीची अपेक्षित महागाई

नळाने फुस्स केलं आणि दुपारची शांतता मोडली. टाकी संपली होती. माझी लेक आर्या झोपेतच कूस बदलून माझ्या कुशीत शिरली. महागाई बाजारात जन्मत नाही, ती माणसाच्या मनात जन्मते, हे गंभीर सत्य त्याच दुपारी विरारच्या आमच्या सोसायटीत गणिताने सिद्ध झालं.

खजिनदार धवल यांनी पुढच्या वर्षीचा मेंटेनन्स ठरवण्यासाठी ग्रुपवर प्रश्न टाकला: ‘वर्षभरात भाव किती टक्के वाढतील असं आपल्याला वाटतं?’ अठ्ठेचाळीस फ्लॅटपैकी एकेचाळीस जणांनी उत्तर दिलं. तिघांनी ‘देव जाणे’ लिहिलं, ते पंधरा टक्के धरले. एकाने सुप्रभातचा गुलाब पाठवला, तो शून्य. (मी आर्याला थोपटत एका हाताने टाइप करत होते. दोन लिहायचं होतं, वीस गेलं.) सरासरी आली अठरा.

या ग्रुपवर टँकरवाले, दूधवाले आणि निर्मळ गावचे केळीवालेही आहेत. लॉकडाऊनमध्ये सोयीसाठी घेतले, काढायचे राहून गेले. त्यांनीही आकडा वाचला. संध्याकाळपर्यंत पाणी, दूध आणि केळी बरोबर अठरा टक्क्यांनी महागली. दूधवाल्यांनी नव्या दरपत्रकाखाली ‘आपल्या अपेक्षेनुसार’ असं नम्रपणे लिहिलं. वर्षभराचा अंदाज चार तासांत खरा ठरला. गणितातली चूक शून्य. एवढी अचूकता भल्याभल्या बँकांना साधत नाही. सोसायटीच्या सभेत धवल यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं (नारळ नव्या भावाचा).

त्याच सभेत त्यांनी समजावलं की पगार वाढला की अपेक्षा वाढते आणि अपेक्षा वाढली की भाव. सबब, घरी कामाला येणाऱ्या बायकांचा पगार वर्षभर कुणीही वाढवू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक आमचे हे, जितेश.

ग्रेसीमावशी सांडोरहून स्कूटरवर येते आणि आर्याला सांभाळते, म्हणून मी नोकरीला जाऊ शकते. तिला तो प्रश्न विचारला गेला नव्हता, कारण तिचा इथे फ्लॅट नाही. त्यामुळे तिला महागाई वाटत असल्याची नोंद कुठेही नाही. तरीही काल ती म्हणाली, “ताई, या महिन्यापासून थोडं वाढवून द्या. वसईला एका घरी बोलावतायत मला.”

मी तिला अपेक्षांचं शास्त्र नीट समजावलं. तिने आर्याच्या दोन्ही वेण्या घालून होईस्तोवर ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली. “टँकरवाल्याला पण समजावलंत ना?”

जाताना तिने दारामागचा स्वतःचा रेनकोट नेला. तो बारा महिने तिथेच असतो, आणि बाहेर तर लख्ख ऊन होतं. गणितात रेनकोटला जागा नसल्यामुळे मी तो धरला नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या बाईंनाही सध्या महागाई वाटत नसेलच. (विचारायला मात्र जाऊ नका. सरासरी बिघडते.)

आर्या हल्ली सर्वेक्षण-सर्वेक्षण खेळते. बाहुलीला, कुंडीतल्या तुळशीला, बाबाला, सगळ्यांना टक्के विचारते आणि पाटीवर रेघोट्या मारते. आज सकाळी ती पाटी घेऊन दारामागच्या रिकाम्या खुंटीसमोर उभी राहिली. मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून घड्याळाकडे बघत होते.

“आई, ग्रेसीमावशी येईल असं तुला किती टक्के वाटतं?”