बिनपेट्रोलची शिकवणी

"पेट्रोल सोन्याच्या भावाने विकू देत, नाहीतर हिऱ्याच्या! आपल्या शिकवणीला यापुढे एक थेंब लागणार नाही!"

मास्तरांनी वर्तमानपत्र आपटून जाहीर केलं. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. रस्त्यांच्या डागडुजीसाठी म्हणून पेट्रोलवरचा कर पुन्हा वाढला होता, आणि ती बातमी थेट त्यांच्या मस्तकात गेली होती.

"मग गाडी काय फुंकर मारून चालवणार?" बायकोने विचारलं.

"उतार!" मास्तर म्हणाले. "आपल्या दारापासून मैदानापर्यंत देवाने फुकटात उतार दिलाय. इंजिन बंद ठेवायचं, मागून एक सणसणीत धक्का, की शिकवणी सुरू! स्टिअरिंग तेच, ब्रेक तोच. इंजिनाचं कौतुक हवंय कोणाला?"

आता विद्यार्थी कोण, ते ऐका. साक्षात मास्तरांच्या सासूबाई! गाडीही त्यांचीच. सासरे गेल्यापासून ती मास्तर वापरत होते, पण कागदपत्रं सासूबाईंच्या कपाटात होती. त्यांनी अटच घातली होती.

"जावईबापू, मला शिकवा. पहिल्या फटक्यात पास झाले तर गाडी तुमच्या नावावर. नापास झाले तर धाकट्या जावयाला देईन. त्याच्या लाँड्रीला उपयोगी पडेल."

गाडी गेली म्हणजे मास्तरांची शाळाच गेली! आणि मास्तरांची हुशारी बघा, धक्का मारायला त्यांनी कोणाला बोलावलं? त्याच धाकट्या जावयाला! इस्त्री करून करून साडूचे दंड हे एवढे झालेले. तोही बिचारा लगेच तयार झाला.

"मारतो ना दादा धक्का. आई शिकल्या म्हणजे झालं."

"किती भोळा आहे हो!" मास्तर बायकोला म्हणाले.

शिकवणी झकास सुरू झाली. साडू ढकलायचा, गाडी सुळकन खाली जायची, सासूबाई ऐटीत वळवायच्या. मग त्या पाय मोकळे करत घरी यायच्या आणि मास्तर गाडी चोरून इंजिनावर वर आणायचे. तेवढा थेंब त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता.

पण बेकरीसमोर एक खड्डा होता. खड्डा कसला, कबुतरांचं न्हाणीघर! एके दिवशी मांजर आडवं आलं, सासूबाईंनी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, आणि गाडी धप्पकन खड्ड्यात! नेमका त्याच वेळी समोरून करवाढीविरुद्धचा मोर्चा आला.

"काय आजी, बंद पडली का गाडी?" पुढाऱ्याने विचारलं.

"बंद पडायला काय झालं?" सासूबाई कडाडल्या. "आम्ही ती बंदच ठेवतो! पेट्रोल जाळत नाही आम्ही!"

मोर्चात असा जल्लोष उठला की बेकरीवाला पाव टाकून बाहेर धावला! सासूबाईंना तर चेवच चढला. खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन त्या गरजल्या, "रस्त्यासाठी कर घेता ना? मग हा खड्डा कोणाच्या खिशात बुजवलात?"

झालं! लोकांनी गाडी अलगद उचलून खड्ड्याबाहेर ठेवली आणि ढकलत ढकलत थेट चढावरून घरापर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! बेकरीवाला, न्हावी, पोस्टमन, निवृत्त हेडमास्तर, सगळे सासूबाईंची गाडी ढकलायला हजर! उतारावरून खाली, चढावरून वर, घोषणा देत! आता तो चोरटा थेंबही वाचला. मास्तर तर हवेतच होते.

"अहो, एक विचारू?" बायको म्हणाली. "आईला ते..."

"नंतर! आधी लोकांना पाणी दे!"

परीक्षेच्या दिवशी सासूबाईंची गाडी वाजतगाजत परीक्षेच्या मैदानापर्यंत ढकलत नेण्यात आली. फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "आत फक्त गाडी आणि उमेदवार!" लोकांनी शेवटचा धक्का दिला आणि गाडी बरोबर पांढऱ्या रेघेवर जाऊन थांबली. मास्तर कुंपणाला नाक लावून उभे राहिले.

परीक्षक शेजारी बसले. सासूबाईंनी खुणा धडाधड ओळखल्या. आरसा नीट केला, पट्टा लावला, मागे पाहिलं, हात बाहेर काढला. आणि बसून राहिल्या.

"चला बाई," परीक्षक म्हणाले.

"मी केव्हाची तयार आहे. तुमची माणसं कुठायत?"

"कसली माणसं?"

"ढकलणारी! एवढं मोठं सरकारी खातं, दोन माणसं ठेवता येत नाहीत?"

कुंपणाशी मास्तरांनी कपाळावर हात मारला. आत्ता कुठे त्यांना आठवलं, आपण काय शिकवायचं विसरलो ते!

"बाई, किल्ली फिरवा," परीक्षक कसेबसे म्हणाले.

"किल्ली? ती तर डिकीची ना?"

परीक्षकांनी स्वतःच किल्ली फिरवली. इंजिन घर्रर्र करून उठलं, आणि सासूबाई किंचाळून पट्ट्यासकट उडाल्या. "अगं बाई! हिला काय झालं? थांबवा हो कोणीतरी!"

नापास! कागदपत्रं त्याच संध्याकाळी लाँड्रीत पोचली.

"दादा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," साडू लाजत म्हणाला. "म्हणून तर इतकं मनापासून ढकलत होतो!"

पुढे साडूने सासूबाईंना आधी किल्लीच शिकवली. त्या दुसऱ्या फटक्यात पास झाल्या आणि आता लाँड्रीची गाठोडी पोचवतात. परवा पेट्रोलवरचा कर आणखी एकदा वाढला, आणि लगेच गाडी मास्तरांच्या दारात येऊन थांबली.

"जावईबापू, जरा उतारावर धक्का द्या बघू. तिथून पुढे तुमचीच पद्धत!"

मास्तरांनी मुकाट्याने बाह्या सरसावल्या आणि खांदा लावला. गाडी सुळकन निघाली, बेकरीपुढून गेली, तरी एकही गचका बसला नाही. खड्डा कधीच बुजला होता. मास्तर घाम पुसत बघत राहिले. रस्ता मात्र मेल्यांनी झकास केला होता!