नईमभाईंचा आकडा

आमच्या शेजारच्या नईमभाईंना कोणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते आकडा सांगतात. "चारशे एकोणीस." आवाज असा, की जणू ताप किती चढलाय ते सांगताहेत. ओळखीचा माणूस "वा, वा" म्हणून पुढे सटकतो. अनोळखी माणूस गोंधळतो. पानठेल्यावरच्या एका उत्साही गृहस्थानं तर हा मटक्याचा आकडा समजून लावूनही टाकला. तो लागला नाही, आणि ते गृहस्थ पंधरा दिवस नईमभाईंशी बोलत नव्हते.

हे कॅनडाचे गुण. तिकडे जाऊन कायमचं राहायचं, तर तिकडचं सरकार वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण देतं आणि दर पंधरवड्याला कटऑफ जाहीर करतं. वर असलात तर बोलावणं, खाली असलात तर अकोला. नईमभाई नऊ गुणांनी अकोल्यात राहिले होते.

माणूस तसा हुशार. मेकॅनिकलचा डिप्लोमा, जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर. कापसातून सरकी काढणारी यंत्रं त्यांच्या नुसत्या कान देण्यानं दुरुस्त व्हायची म्हणतात. पण बोंडअळीची ती वर्षं. दिवाळीला सुरू झालेली फॅक्टरी संक्रांतीला बंद पडायची. "सर, मशीन तंदुरुस्त आहे, कापूसच बिमार आहे," असं म्हणत ते उरलेलं वर्षभर बंद यंत्रांना तेल पाजायचे आणि मोबाइलवर कॅनडा वाचायचे.

कॅनडाला अनुभवाचा दाखला लागतो. कोणतं काम, आठवड्याला किती तास, सगळं तपशीलवार. शेठजींनी मोठ्या प्रेमानं लिहून दिलं, "नईम हा आमच्याकडे लहानपणापासून आहे. स्वभावाने गरीब आहे. कधी भांडत नाही." तो दाखला दुरुस्त करून घेण्यात एक हंगाम गेला.

या सगळ्यात त्यांना माणसं मोजायची खोड लागली. गल्लीत कोणी नवा भाडेकरू आला, की नईमभाई दोन प्रश्न विचारून त्याचे गुण काढायचे. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाकडे बघून म्हणायचे, "पोरगा चांगला आहे, पन तीनशेच्या वर नाही जात." कोणी हरकत घेतली तर उत्तर ठरलेलं, "कटऑफ म्हंजे कटऑफ." एकदा माझीही पाळी आली.

"सर, तुमचं वय चोपन्न. वयाचे शून्य."

"अहो, मी भूगोलाचा शिक्षक आहे. तीस वर्षं कॅनडा फळ्यावर काढतोय."

"फळ्यावरचा अनुभव धरत नाहीत," ते दुःखानं म्हणाले. मला जायचं नव्हतं, तरी दोन दिवस मी खट्टू होतो.

सगळ्यात जास्त ऐकावं लागे ते शबानाभाभींना. भाभी माहेरच्या बार्शीटाकळीच्या, दहावी झालेल्या, घरी ब्लाउज शिवायच्या. घरात दोघंच, मूलबाळ नाही. आणि कॅनडाचा हिशेब असा, की बायको सोबत नेणार असाल तर तुमचे गुण थोडे कापायचे आणि तिचे मिळवायचे. भाभींचे मिळून दोन होत होते. नईमभाई कोणाच्याही दारात उभं राहून हे सांगत, "हिच्यामुळे माहे सतरा गेले, सर."

भाभी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायच्या, "आन तुमच्यामुळे माहे किती गेले, ते कोन मोजून राहिलं?"

मग कुठूनसं कळलं, की फ्रेंच येत असेल तर जादा गुण मिळतात. झालं. सकाळी सहापासून भिंतीपलीकडून फ्रेंच यायला लागलं. उच्चाराबद्दल त्यांना जबर आत्मविश्वास. "सर, फ्रेंच लोकाइचा र म्हंजे आपला ग़रीबातला ग़. आपल्याले काय शिकवतात?" उच्चार उत्तम होता, नाही म्हणत नाही. शब्द मात्र सापडायचे नाहीत. मोबाइल प्रश्न विचारायचा, नईमभाई घसा खाकरायचे, आणि शिलाई मशीनच्या खडखडाटातून भाभींचं अचूक उत्तर यायचं. कानावर पडून पडून त्यांना सगळं पाठ झालं होतं.

"तू काहून बोलून राहिली? परीक्षा माही आहे," असं ते ओरडायचे. मी एकदा सुचवलं, की भाभींनाच बसवा परीक्षेला. नईमभाईंनी लगेच हिशेब केला. तयारीला आणखी सहा महिने. आणि सहा महिने तर त्यांच्याकडे नव्हतेच, कारण एक जूनला ते चाळीस वर्षांचे होणार होते आणि वयाचे गुण आणखी घसरणार होते.

आता ही एक जूनही मोठी गंमत. आमच्या भागात ज्या लेकराची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसे, त्याला गुरुजी शाळेत नाव घालताना एक जूनला जन्माला घालत. नईमभाईंची अम्मी हयात असताना सांगायची, की पोरगा कापूस वेचणीत झाला, दिवाळीनंतर. म्हणजे खरं वय पाच-सहा महिन्यांनी कमी. तेवढे महिने मिळाले तर फ्रेंच होतंय, या आशेनं आम्ही दोघं त्यांच्या मोटरसायकलवर बसून बार्शीटाकळीकडच्या त्यांच्या जुन्या शाळेत गेलो.

मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत एक जून. पूर्ण वर्गच्या वर्ग एका दिवशी जन्मला होता. नईमभाईंनी कापसाची, अम्मीची, कॅनडाची सगळी हकीकत सांगितली. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पानावर बोट ठेवलं.

"हे तिसरं नाव माहं आहे, नईम. वळखलं नाही काय? तुयी तारीख बदलली तर माही कोन बदलून देईन?"

चहा पाजला त्यांनी, जुन्या आठवणीही निघाल्या. तारीख तेवढी निघाली नाही.

शेवटी नईमभाई अमरावतीच्या एका एजंटाकडे जाऊन आले. एजंटानं साधी युक्ती सांगितली. फॉर्मात बायकोपुढे 'सोबत येणार नाही' असं लिहायचं, एकट्याचे गुण धरायला लावायचे, तिकडे स्थिरावलं की तिला बोलावून घ्यायचं. कायद्यात बसतं, सगळे करतात, दोन-एक वर्षांचा प्रश्न. हे भाभींनीही ऐकलं. मला वाटलं, आता भांडी आपटतील. त्या मान वर न करता म्हणाल्या, "लिवून टाका न मंग. मागून बोलावजा मले."

तीस मेच्या दुपारी ते माझ्याकडे आले. माझ्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. त्यांच्या सांगण्यावरून बटण मी दाबलं. आकडा हलला. चारशे छत्तीस. तीन वर्षांत पहिल्यांदा माणूस कटऑफच्या वर गेला होता. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते आकड्याकडे बघतच नव्हते.

"खाली काय लिवलं आहे, सर?"

मी मराठीत सांगितलं, "अर्जदाराची पत्नी त्याच्यासोबत येणार नाही."

"आणखी एक डाव वाचा."

मी वाचलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "पयल्यासारखं करून द्या."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. "बह्याड झाले काय तुम्ही? परवा चाळिशी लागते. फक्त कागदावर लिहायचं आहे."

"एक जून बी कागदावरच होता, सर. चाळीस वर्षं झाली, निंगून नाही राहिला." मग हळूच म्हणाले, "आन दोन वर्षं तिकडे माह्याशी भांडन कोन?"

मी पहिल्यासारखं करून दिलं. दुसऱ्या दिवशी कटऑफ लागला. तो उलट दोन गुणांनी उतरला होता.

एक जूनला भाभींनी मला शेवया खायला बोलावलं. नईमभाई खाली मान घालून वाटी चाटूनपुसून साफ करत होते. भाभींनी माझ्या वाटीत दूध ओतलं आणि नवऱ्याकडे न बघताच विचारलं, "काहून नाही आला नंबर? तसं लिवलं होतं न?"

"लिवलं होतं. कटऑफच वाढला," नईमभाई म्हणाले. "भल्ताच वाढला."

कॅनडाच्या गुणांबाबत त्यांनी अर्धा आकडाही कधी इकडचा तिकडे केला नव्हता. भाभींना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं, "हाव का, सर?"

"हो भाभी," मी म्हणालो. "पुष्कळच वाढला."

भाभी खाली टेकल्या. त्यांनी स्वतःची वाटी पुढे ओढली.

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माह्यामुळेच राहिलं."