महाकोळ्याची आणि त्याच्या पोटातील म्हाळोजीची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न, श्रीशारदा साह्य. ज्या गादीच्या छायेत हे घडले तिचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, म्हणोन लिहीत नाही. बाकी जे पाहिले आणि ऐकिले त्यात पदरचे काही घातले नाही. शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरी, चैत्रमासी ऐसे वर्तमान आले की राज्यातील रयत दर शुक्रवारी सरहद्द ओलांडोन शेजारच्या राज्यात भ्यावयास जाते. तिकडे मोठे चित्रगृह, पडद्यावर यंत्राच्या सुसरी, यंत्राची गिधाडे, आणि रयत तेथे किंकाळ्या मारोन, घामाने भिजोन, तृप्त होवोन परत येई आणि आठवडाभर तेच बोले. आईसाहेब महाराजांच्या मागे गादी सांभाळीत होत्या. त्यांस हे बहुत लागले. मग त्यांनी सुभानराव ढमढेरे यांस बोलाविले. हे सुभानराव दरबारच्या चित्रशाळेचे मुख्य. आजवर देवादिकांचे सिनेमे केलेले, स्वभावे भित्रे, बोलताना उपरण्याचे टोक बोटास गुंडाळीत. आईसाहेब म्हणाल्या, "सुभानराव, आमची रयत परमुलखात जाऊन भिते, ही आमची नामुष्की. भ्यायचे तर आपल्या घरात भ्या. तुम्ही एक भयाचा सिनेमा करा." सुभानराव म्हणाले, "आज्ञा. परंतु आपल्यापाशी यंत्र नाही, साहित्य तुटपुंजे. लोक हसले तर?" आईसाहेब म्हणाल्या, "हसले तर चित्रशाळेत धान्य भरू. ते तरी कोणाच्या पोटात जाईल." इतके ऐकोन सुभानरावांनी उपरण्यास आणखी दोन वेढे दिले आणि मुजरा करोन निघाले.

घरी येवोन त्यांनी कुटुंबास, यमुनाबाईस, सर्व सांगितले. यमुनाबाई चित्रशाळेची मुख्य नटी; वय चाळिशीपुढे गेले तरी राजकन्या त्याच होत, कारण दुसरी कोणी नव्हती. त्या म्हणाल्या, "अहो, सुसर नको, पाणी लागेल. गिधाड नको, उडवावे लागेल. कोळी करा. कोळी घरोघरी आहे, आणि बाया कोळ्यास आधीच भितात. अर्धे काम झालेले." मग तेच ठरले आणि कथा रचिली ती ऐसी: किल्ल्याच्या भुयारात एका वैद्याचे रसायन सांडते, ते एक कोळी पितो आणि हत्तीएवढा होतो, गावे उद्ध्वस्त करितो, शेवटी राजकन्येस उचलू पाहतो आणि मशालींनी जळोन मरतो. कोळी बांधिला तो पाणी वाहण्याच्या गाड्यावर. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर काथ्याचे केस, जुन्या मोटारीचे दिवे काढोन डोळे केले, आणि आठ पाय दोऱ्यांनी हलतील ऐसी योजना केली. दोऱ्या ओढण्यास आणि गाडा लोटण्यास पोटात माणूस पाहिजे; तेथे यमुनाबाईंचा धाकटा भाऊ म्हाळोजी वाघचौरे याची नेमणूक जाहली. म्हाळोजी अंगाने बारीक, तमाशात नाचलेला, हसतमुख. पोटात शिरताना म्हणाला, "दाजी, आजवर मेहुण्याच्या घरात राहिलो, आता त्याच्या किड्यात राहतो."

मग चित्रण सुरू जाहले आणि सुभानरावांची झोप गेली. कोळ्याचे सहा पाय चालत आणि दोन मागे फरफटत. कोळिष्टक म्हणोन सुतळीची जाळी करोन खळीत बुडवोन झाडांस बांधिली, ती शेळ्यांनी खळीच्या वासाने येवोन खाल्ली, आणि पडद्यावर पाहता राजकन्येच्या मागे शेळी रवंथ करीत उभी. एका प्रसंगी कोळी देवळाच्या शिखराएवढा दिसे, पुढल्याच प्रसंगी म्हशीएवढा, त्याचा मेळ काही बसेना. छायायंत्र चालविणारे दस्तगीरभाई म्हणाले, "हुजूर, खरा कोळी आणू, पुठ्ठ्याच्या गावात सोडू, जवळून घेऊ, मोठा वाटेल." तसे केले, खरा कोळी पुठ्ठ्याच्या वेशीपर्यंत गेला, तेथे थांबला, आणि मग तो जो दस्तगीरभाईंच्या सदऱ्यात शिरला तो त्या दिवशी चित्रण बंद ठेवावे लागले. आणि यमुनाबाईंस प्रत्येक प्रसंगी कोळी येईतो उभे राहावे लागे, कारण गाडा हळू चाले. पळाल्या तर कोळी मागे पडे. त्या उभ्याने किंकाळी मारीत, श्वास घेत, पुन्हा मारीत. त्यात गाड्याची चाके दिसत, आणि गोणपाटाखाली म्हाळोजीची पावले, एका पायात वहाण, दुसरा उघडा, कारण त्या पायास फोड आलेला. सुभानराव पाहत आणि उपरणे गुंडाळीत आणि म्हणत, "हसतील. यमुने, लोक हसतील गं." यमुनाबाई म्हणत, "हसले तर हसले. आपण काय चोरी केली?" सर्वात मोठी पंचाईत पोटाच्या दाराची. कोळ्याच्या पोटास मागे दार केले होते, ते गाडा हलताच सताड उघडे आणि म्हाळोजी पाठमोरा दिसे. शेवटच्या लढाईच्या दिवशी सुभानराव चिडले आणि म्हणाले, "दार बाहेरून बांधा. घट्ट. आज काही दिसता कामा नये." आणि कोणी पुढे होईना म्हणोन त्यांनी आपल्या हाताने सुतळी घेवोन गाठीवर गाठ मारिली.

तो दिवस फाल्गुनातला, तिसरा प्रहर कलला होता. नदीच्या उतारावर जागा केली. सैनिकांनी मशाली घेवोन कोळ्याभोवती धावावे, मागल्या टोकास एक मशाल टेकवावी, थोडा काथ्या जळावा, मग पाणी टाकावे, आणि राजकन्येने दूर सरोन डोळे झाकावे, ऐसी आज्ञा. सुभानरावांनी म्हाळोजीस बजाविले, "आज मोठ्याने ओरड. मरणाचे ओरड." आतून म्हाळोजी म्हणाला, "ओरडतो दाजी, गाव गोळा करतो." मग यंत्र सुरू जाहले आणि मशाल टेकविली आणि त्याच वेळी नदीकडून वारा उठला. काथ्या तो, वाळलेला. मागल्या टोकाचा जाळ पाठीवर गेला, पाठीवरून डोक्यावर, आणि डोळ्यांचे दिवे तडतडोन फुटले. कोळी ओरडू लागला आणि सर्वांस वाटले, वाहवा, आज म्हाळोजीने कमाल केली. सुभानराव देखील म्हणाले, "शाबास! आणखी!" पाय आठही हलू लागले, जे कधी हलले नव्हते तेही. आणि मग त्या जळत्या कोळ्याच्या पोटातून आवाज आला, "अक्का! अगं अक्का!"

सैनिक हसले. यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे झाकावयाचे होते ते उघडिले, आणि अंगावरचा शालू वर खोचोन त्या कोळ्याकडे धावल्या. मागे कोणी ओरडले, "बाईसाहेब, उलट्या दिशेने! उलट्या!" त्यांनी मागे पाहिले नाही. दारापाशी जावोन गाठ ओढिली, गाठ सुटेना, आतून म्हाळोजी दारावर लाथा मारी, आणि त्या लाथांनी गाडा हलला आणि उतारावरून नदीकडे घरंगळू लागला. तेथे पात्र खोल, काठ उभा. यमुनाबाई गाड्याबरोबर धावत दातांनी सुतळी तोडू लागल्या आणि ओरडल्या, "अहो, उभे काय राहिलात! गाठ तुमची आहे!" सुभानरावांचे पाय जमिनीस चिकटले होते. त्यांनी पुढे अनेकदा सांगितले की तेवढ्या क्षणात आपण म्हातारे जाहलो. मग ते धावले, विजार आणि मनगटी घड्याळ घातलेले तैसेच पुराणकाळच्या लढाईत शिरले, आणि पुढे जावोन जळत्या चाकास खांदा दिला. गाडा काठाअलीकडे अडला, कलला, आणि कोळी उताणा पडला. मग दार तुटले आणि म्हाळोजी पायांकडून बाहेर आला. केस जळालेले, डावा हात कोपरापर्यंत भाजलेला, तोंड काळे. यमुनाबाईंनी त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याने डोळे उघडोन पहिले विचारिले ते, "दाजी, बरे ओरडलो का?" सुभानराव मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

म्हाळोजी दरबारच्या वैद्यांकडे पडून राहिला आणि हळूहळू उठला. मग समजले की दस्तगीरभाईंचे यंत्र चालूच राहिले होते. सुभानरावांनी रागे भरोन विचारिले, "माणूस जळत होता आणि तुम्ही चित्र काढीत होता?" दस्तगीरभाई खाली मान घालोन म्हणाले, "हुजूर, मी भ्यालो. हात यंत्रावर होता तो उचललाच गेला नाही. रीळ संपले तेव्हा आपोआप थांबले." रीळ पाहता त्यात सर्व होते; अक्का म्हणोन मारलेली हाक, यमुनाबाईंचे धावणे, सुभानरावांची विजार, आणि दार तुटण्याच्या आत रीळ सरलेले. सुभानराव म्हणाले, "हे जाळून टाकतो. माझे पाप मी लोकांस दाखवणार नाही." परंतु कोळी जळोन गेला होता, दुसरा करण्यास साहित्य नव्हते, आणि शेवट नसलेला सिनेमा आईसाहेबांस कसा दाखवावा? तेव्हा म्हाळोजी अंथरुणावरून म्हणाला, "दाजी, एवढा हात भाजून घेतला तो काय कात्रीने कापायला? ठेवा." यमुनाबाईंनी कात्री उचलोन फडताळात ठेविली.

पुढे वैशाखात पहिला खेळ लागला. आईसाहेबांची स्वारी आली, रयत दाटली, आणि सुभानराव मागल्या भिंतीस टेकोन घाम पुसत उभे राहिले. पहिली चाके दिसली आणि सभा हसली. शेळी दिसली आणि इतकी हसली की संवाद ऐकू येईनात. राजकन्या उभी राहोन कोळ्याची वाट पाहू लागली तेव्हा एक बाई ओरडली, "अगं, त्याला यायला उशीर आहे, भाकरी थापून घे!" कोणी पावले पाहिली आणि म्हणाला, "बिचाऱ्याला दुसरी वहाण द्या रे!" आणि तेथून जेव्हा जेव्हा कोळी आला तेव्हा लोक विचारीत, "पाहुणे, पाय बरा आहे का?" सुभानरावांस वाटले भुई फाटावी. आईसाहेबांचा चेहरा अंधारात दिसेना. हसता हसता शेवटची लढाई आली, मशाल टेकविली, जाळ पाठीवर गेला, लोक हसत होते, आणि कोळी म्हणाला, "अक्का!" दोघेचौघे हसले आणि मग थांबले. "अगं अक्का!" मग साऱ्या चित्रगृहात कोणी हालेना. कारण आत माणूस आहे हे त्यांस पहिल्यापासून ठाऊक होते. त्याची पावले त्यांनी पाहिली होती, त्याची थट्टा केली होती, तो त्यांच्या ओळखीचा जाहला होता. राजकन्या दातांनी गाठ तोडू लागली तेव्हा एक म्हातारा काठी टेकीत उठला आणि पडद्यास म्हणाला, "सोड पोरी, भाजशील." सुभानराव विजारीनिशी धावत आले, त्यास कोणी हसले नाही. चाक अडले, कोळी उताणा पडला, आणि पडदा पांढरा जाहला.

कोणी उठेना. मग पुढल्या रांगेतून एकाने विचारिले, "आतला माणूस जगला का?" आणि मग दुसऱ्याने, आणि मग सर्वांनी एकच गलका केला, "जगला का? सांगा!" तेव्हा मधल्या बाकावरून म्हाळोजी उठला, हातास पट्टी तैसीच, आणि म्हणाला, "जगला, जगला. हा काय." त्यावर जो कल्लोळ आणि जो जयजयकार जाहला तो सरहद्दीपलीकडे ऐकू गेला म्हणतात, ते खरे खोटे ईश्वर जाणे. आईसाहेब उभ्या राहिल्या, सभा शांत जाहली. त्यांनी विचारिले, "सुभानराव, ती गाठ कोणी मारिली होती?" सुभानराव पुढे आले, हात जोडोन म्हणाले, "मीच." आईसाहेबांनी म्हाळोजीच्या पट्टीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "आम्ही भ्यालो. चित्रशाळा राहील. परंतु यापुढे आमच्या राज्यात जो कोणी माणसास किड्याच्या पोटात घालील, त्याने दार आतून उघडेल ऐसे करावे." आणि स्वारी निघोन गेली.

पुढे तो सिनेमा पुष्कळ चालला. रयत पूर्वार्धास हसे आणि अखेरीस गप्प होई आणि मग विचारी, म्हणोन म्हाळोजीस प्रत्येक खेळास बसावे लागे. एके दिवशी त्यास ताप भरला आणि तो आला नाही. पडदा पांढरा जाहला, लोकांनी विचारिले, उत्तर आले नाही. यमुनाबाईंनी शपथेवर सांगितले की भाऊ घरी निजला आहे, पटेना. मग अवघे चित्रगृह उठोन त्याच्या घरी गेले, बायका, म्हातारे, सर्व, आणि अंगणात मावेनात तेव्हा कुंपणावर चढले. म्हाळोजी घोंगडी पांघरोन दारात आला, चौकटीस धरोन उभा राहिला आणि म्हणाला, "आहे रे बाबांनो, आहे. जा आता घरी." तेव्हा लोक गेले.

येणेप्रमाणे वर्तमान. शेजारच्या राज्यात पुढे यंत्राचा कोळी जाहला. त्याची चाके दिसत नसत, आठही पाय बरोबर चालत, केस रेशमाचे. आमची काही माणसे पाहोन आली आणि म्हणाली, कोळी उत्तम, परंतु त्याच्या पोटात कोणी नव्हते. सुभानरावांनी आणखी सिनेमे केले, त्यात दोष बहुत, आणि भय त्यांचे स्वतःचे कधी गेले नाही. चित्रणास आरंभ करण्यापूर्वी ते प्रत्येक दार आपल्या हाताने आतून उघडोन पाहत, आणि मगच यंत्र सुरू करा म्हणत. लेखनसीमा.