मदतीच्या भरात

आमच्या विमा कंपनीत मी क्लेम खात्यात आहे. लोकांचं नुकसान झालं की ते आमच्याकडे येतात, आणि ते नुकसान त्यांचं त्यांच्याकडेच कसं राहील हे मी बघतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी नाही म्हणत, आमचे साहेब म्हणतात. सवयच अशी झाली आहे की कुठल्याही खोलीत शिरलो की मला आधी माणसं दिसत नाहीत, धोके दिसतात. वर आलेला गालिच्याचा कोपरा, डुगडुगणारं स्टूल, टेबलाच्या अगदी काठावर ठेवलेला ग्लास. घरात मात्र याचं कोणाला काडीचं कौतुक नाही. मी इतकं सांगूनही बायको ग्लास काठावरच ठेवते (आणि तो पडत नाही, ही गोष्ट वेगळी).

तिचा नाद दुसराच. तिला पटावरच्या खेळांचं वेड आहे. सापशिडी म्हणालात तर ती तुमच्याशी बोलणं टाकेल. तिच्या खेळात राज्यं असतात, राक्षस असतात, बोटाच्या पेराएवढे सैनिक असतात, आणि ही असते सूत्रधार. म्हणजे गोष्ट हिने सांगायची, फासे बाकीच्यांनी टाकायचे, आणि कोण जगलं कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. सैनिक ती स्वतः रंगवते. एका सैनिकाच्या भुवईसाठी ही बाई अख्खी दुपार भिंग लावून बसलेली मी पाहिली आहे.

"अगं, त्याची भुवई बघणार कोण?" मी न राहवून विचारलं होतं.

"ज्याच्यावर तो चालून जाईल तो," ती म्हणाली.

हे सगळं इतकी वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं. मंडळी वाढत गेली आणि आम्ही दोघं जेवायला गॅलरीत बसू लागलो. शेवटी हिने ग्रंथालयाचं सभागृह मागितलं. तिथल्या ग्रंथपालबाई म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्या म्हणाल्या, "एक दिवस देते. काही मोडलं-फुटलं नाही तर दर महिन्याला देईन. एक ओरखडा जरी आला, तर पुन्हा विचारायचं नाही. आणि आधी कार्यक्रमाचा विमा काढून आणायचा. त्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

ही घरी आली, पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या त्या इन्शुरन्सचं काहीतरी कराल का?"

आता बघा, मी नुसतं 'बघतो' म्हणालो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. 'बघतो' हा आमच्या खात्यातला सगळ्यात सुरक्षित शब्द. पण लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या नोकरीचा या घराला उपयोग होत होता. माझी छाती अशी काही फुगली की मी म्हणालो, "झालंच समज! पॉलिसी तर काढतोच, पण त्या दिवशी सुरक्षा अधिकारी म्हणून स्वतः उभा राहतो."

"उभं नाही राहिलात तरी चालेल," ती म्हणाली. मला तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे विषय काढला. साहेब म्हणाले, "पटावरच्या खेळात कसला आलाय धोका? सोंगटी गिळेल कोणी, फार तर. पण विचारून घेतलेलं बरं. वहिनींना फोन लावा." मी लावला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी, मागच्या वेळी खेळात काही अपघात वगैरे?"

"अपघात असा नाही. पूल तेवढा कोसळला."

"पूल?"

"हो. पण तो माझ्या भावानेच तोडला. मुद्दाम."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"जीवितहानी?" साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"चौघं गेले. त्यातल्या दोघांना मी नंतर उठवलं."

"उठवलं म्हणजे?"

"जिवंत केलं हो. एक जण फारच हिरमुसला होता, बघवेना मला."

"आणि उरलेले दोघं?"

"त्यांना तसंही घरी लवकर जायचं होतं."

साहेबांनी फोन ठेवला, पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि मला विचारलं, "तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?" मग मला सूत्रधार, फासे, राक्षस हे सगळं समजावून सांगावं लागलं. (सांगताना लक्षात आलं की मला ते स्वतःलाच फारसं कळलेलं नाही.) साहेब हसून हसून लाल झाले. म्हणाले, "पॉलिसी देऊ. मी स्वतः येईन बघायला. अटी मात्र तुम्हीच लिहा. तुमच्यासारख्या अटी कोणाला जमत नाहीत."

अटी लिहायच्या म्हटल्यावर मला पहिला आठवला तो माझा मेहुणा. मघाशी फोनवर पूल तोडला तोच. तो आमच्याकडे आला की कपाटाची मूठ हमखास त्याच्या हातात येते. तोही म्हणे त्या दिवशी ताईच्या मदतीला येणार होता! मी बाह्या सरसावल्या आणि एक अट अशी लिहिली की वा: 'आयोजकांच्या कोणत्याही नातेवाइकाने मदतीच्या भरात केलेले नुकसान या पॉलिसीत भरून मिळणार नाही.' दोनदा मोठ्याने वाचली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही वाचून दाखवली. कुठूनही सुई शिरणार नाही अशी अट होती ती, आजही म्हणतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मी चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालून सगळ्यांच्या आधी सभागृहात हजर झालो. ऑफिसच्या पार्किंगमधले नारिंगी शंकू आणले होते, ते जागोजागी मांडले. जमिनीवर पिवळी-काळी चिकटपट्टी मारली. कॉफीचे कप टेबलांपासून इतके लांब नेले की लोक दोन डाव सोडून कॉफी प्यायला जाऊ लागले. मेहुणा आला. मी त्याला दाराशी खुर्ची दिली आणि सांगितलं, "इथेच बस. कशाला हात लावू नकोस."

"बरं भाऊजी," तो म्हणाला आणि खरंच बसला.

सभागृह माणसांनी भरलं. मधल्या मोठ्या टेबलाशी ही उभी होती आणि ती गोष्ट सांगत होती. काय सांगत होती! घरी भाजीत मीठ आहे का एवढंच बोलणारी माझी बायको, तिच्या एका वाक्यावर मोठमोठी माणसं श्वास रोखून बसत होती. ग्रंथपालबाई देखरेखीला म्हणून आल्या, टेबलाशी थबकल्या, मग कोणीतरी त्यांना खुर्ची दिली, आणि थोड्या वेळाने बघतो तर बाई फासे हातात घोळवत ओरडताहेत, "मी त्या राक्षसाला सोडणार नाही!" साहेबही कोपऱ्यातून टाचा उंचावून बघत होते. मला वाटलं, हे सगळं माझ्या पॉलिसीमुळे. ऊर भरून आला.

आणि त्याच भरात मला तो पृथ्वीगोल दिसला.

सभागृहाच्या कोपऱ्यात लाकडी बैठकीवर तो ठेवलेला असतो. प्लॅस्टरचा, जुना, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. बाई तो रोज स्वतःच्या हाताने पुसतात. मला वाटलं, एखाद्याचं कोपर लागलं तर? सकाळीच मी हे हिच्याजवळ बोललो होतो. "तो कोपऱ्यात बरा आहे. त्याला हात लावू नका," ती म्हणाली होती. पण सूत्रधाराला खेळ कळतो, धोका मला कळतो. मी बैठकीवरून गोल अलगद उचलला आणि शेजारच्या खोलीत न्यायला निघालो.

गोल कवेत घेतला की समोरचं काही दिसत नाही, हा धोका मात्र माझ्या लक्षात आला नव्हता. चौथ्या की पाचव्या पावलाला माझा पाय शंकूत अडकला. माझ्याच शंकूत. पुढे मी, माझ्यापुढे पृथ्वी. ती धाडकन आपटली, खुर्च्यांखालून गडगडत गेली आणि मधल्या टेबलाच्या पायावर जाऊन आदळली. टेबलावरचं निम्मं सैन्य आडवं झालं. सगळ्यांच्या माना वळल्या.

हिने एकवार आडव्या सैन्याकडे पाहिलं. मग हात वर करून, घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "आकाशातून एक प्रचंड गोळा कोसळला आहे! निम्मं सैन्य गारद. राक्षस अजून उभा आहे. बोला, काय करता?"

लोकांनी काय टाळ्या वाजवल्या म्हणता! सगळ्यांना वाटलं, हे ठरलेलंच होतं. फक्त ग्रंथपालबाई खुर्चीवरून उठल्या, टेबलाखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "माझा गोल."

गोलाला भगदाड पडलं होतं आणि तडा पार खालपर्यंत गेला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं (पण ती आधीच दुभंगून टेबलाखाली पडली होती). तरी मी गुडघे झाडत उठलो, जाकीट नीट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "बाई, काळजी करू नका! पॉलिसी आहे!"

साहेबांनी खिशातून पॉलिसी काढली, चष्मा लावला आणि माझी ती अट सगळ्यांसमोर वाचली.

"तुम्ही आयोजकांचे नातेवाईकच ना?" त्यांनी विचारलं.

"यजमान," मी म्हणालो.

"आणि गोल हलवत होतात ते कशाच्या भरात?"

मी वाकून शंकू सरळ केला.

"अट मात्र काय लिहिली आहे हो!" साहेब म्हणाले. "कुठे फट म्हणून नाही." खरं सांगतो, तशाही अवस्थेत मला जरा बरं वाटलं.

मग मी हिच्याकडे पाहिलं आणि सगळं बरं वाटणं संपलं. इतक्या वर्षांनी मिळालेलं सभागृह माझ्यामुळे गेलं होतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं. तिने आपली सैनिक दुरुस्त करायची पेटी उघडली, त्यातून डिंक, भिंग आणि ते केसाएवढे ब्रश काढले, आणि बाईंना म्हणाली, "बघू द्या मला जरा."

मेहुणा दारातून उठला तो थेट टेबलांखाली शिरला आणि सरपटत एक एक तुकडा गोळा करून आला. एकही तुकडा त्याच्या हातून मोडला नाही! खेळणाऱ्यांनी डाव थांबवला. कोणी गोल धरला, कोणी दिवा जवळ आणला, कोणी रंग कालवून दिले. मीही पुढे झालो, तेव्हा ही मान वर न करता म्हणाली, "तुम्ही हाताची घडी घालून बसा." बसलो. बसून तिचे हात बघत राहिलो. तिने तडा बुजवला, नद्या जोडल्या, डोंगरांना डोंगराचा रंग दिला. ज्या हाताने ती सैनिकाला भुवई काढते, त्याच हाताने तिने किनारे काढले. अभिमान अभिमान म्हणतात तो काय असतो ते मला त्या खुर्चीवर कळलं. सुंदर काम करत होती माझी बायको, आणि मी त्याला आजवर नाद म्हणत होतो.

एक टवका काही केल्या सापडला नाही. भर समुद्रातला. तिथे खड्डा दिसत होता. हिने जरा विचार केला आणि तिथे एक इवलंसं हिरवं बेट रंगवलं.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. तडा कुठे होता ते त्यांना सापडेना. बेटापाशी मात्र त्या थांबल्या. "इथे बेट नाही," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. बाई अजून बघतच होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तिथे कोण राहतं?"

"ते पुढच्या खेळात कळेल," ही म्हणाली.

"मग पुढच्या महिन्यात जरा लवकर सुरू करा," बाई म्हणाल्या. "आज माझा राक्षस राहिला मारायचा."

झालं! सभागृह दर महिन्याला मिळालं, आणि साहेबांनी वर्षभराची पॉलिसी कबूल केली. तिचा मसुदा मीच टाइप केला. बाईंनी सांगितलेली आणि साहेबांनी हसत मंजूर केलेली नवी अटही त्यात मीच घातली: कार्यक्रम चालू असताना आयोजकांच्या यजमानांनी सभागृहात पाऊल ठेवल्यास पॉलिसी तत्काळ रद्द समजावी. माझं चमकणारं जाकीट आता मेहुणा घालतो. त्याला ते बसतंही छान.

पण मी दर महिन्याला जातो. ग्रंथालयाबाहेर बाक आहे, त्यावर बसतो. आतून हिचा आवाज येतो, मग टाळ्या येतात, आणि माझी मान आपोआप ताठ होते. परवा बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. म्हणाले, "आत एवढा गलका कसला चाललाय?"

"माझ्या बायकोचा कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही बाहेर कसे?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "अहो, विमा कंपनीनेच मला बाहेर बसवलंय. मी आत गेलो, तर आतल्या कोणाच्याही जिवाची हमी ते देत नाहीत."

गृहस्थांनी आपली पिशवी उचलली आणि सरकत सरकत बाकाच्या पार टोकाला जाऊन बसले.